पुरुषांची १५०० मीटर शर्यत, पॅरिस २०२४ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात पहाटे धावायला येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळ जण पोलीस भरतीच्या तयारीत असतात आणि त्यांच्या तोंडी ‘सोळाशे’, म्हणजे भरतीतील १६०० मीटरची धाव, हा एकच शब्द असतो. त्यांच्यातील काहींची वेळ मी घेतो. पॅरिस ऑलिम्पिकमधील पुरुषांच्या १५०० मीटर अंतिम शर्यतीनंतर ही मुले, त्यांचे पालक आणि संकुलात नुसते फिरायला येणारे काही ज्येष्ठ नागरिक तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

ही शर्यत केव्हा आणि कोठे झाली? आपल्याकडे ती फारशी कोणी पाहिली कशी नाही?

शर्यत ६ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसलगतच्या ‘स्ताद द फ्रान्स’ या स्टेडियममध्ये तेथील वेळेनुसार रात्री ८ वाजून ५० मिनिटांनी सुरू झाली. आपल्याकडे तेव्हा ७ ऑगस्ट उजाडला होता आणि घड्याळात बारा वाजून वीस मिनिटे झाली होती. त्याच रात्री साडेदहाला भारत आणि जर्मनी यांच्यातील पुरुष हॉकीचा उपांत्य सामना सुरू झाला आणि आपण तो ३–२ असा हरलो. त्या पराभवानंतर दूरचित्रवाणी बंद करून झोपी गेलेल्या घरांची संख्या मोठी असणार, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मी आवाज अगदी बारीक करून बसून राहिलो. साडेतीन मिनिटांच्या शर्यतीसाठी वीस मिनिटे जास्त जागणे परवडते.

१५०० मीटर म्हणजे मैदानाच्या किती फेऱ्या?

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत मैदानाभोवती मारायची तीही ‘फेरी’ आणि स्पर्धेचा टप्पा तोही ‘फेरी’, त्यामुळे ‘तिसऱ्या फेरीत मागे पडला’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात. या लेखात मैदानाभोवतीच्या फेरीला ‘चक्कर’ म्हटले आहे आणि स्पर्धेच्या टप्प्याला ‘फेरी’.

प्रमाणित ट्रॅकची आतली चक्कर ४०० मीटरची असते, म्हणून १५०० मीटर म्हणजे पावणेचार चकरा होतात. प्रारंभरेषा समाप्तीरेषेवर नसते. पहिले वळण जेथे संपते आणि समोरचा सरळ पट्टा जेथे सुरू होतो तेथे ती असते. ती सरळ नसून कमानीसारखी वक्र काढलेली असते, जेणेकरून बाहेरच्या बाजूला उभ्या राहिलेल्या धावपटूलाही आत येईपर्यंत तेवढेच अंतर पडावे. धावपटू उभ्यानेच सुरुवात करतात, ‘सेट’ ही आज्ञा दिली जात नाही आणि कोणालाही स्वतःची लेन नसते.

निकाल काय लागला?

अमेरिकेच्या कोल हॉकरने ३:२७.६५ या नव्या ऑलिम्पिक विक्रमी वेळेत सुवर्ण जिंकले. ब्रिटनचा जॉश कर ३:२७.७९ वेळेसह दुसरा आला, अमेरिकेचाच यारेद नुगुसे ३:२७.८० वेळेसह तिसरा आला, आणि ज्याच्या नावावर आधीचा ३:२८.३२ हा ऑलिम्पिक विक्रम होता तो नॉर्वेचा याकोब इंगेब्रिक्टसन ३:२८.२४ वेळेत चौथा आला. म्हणजे तो स्वतःच्याच विक्रमापेक्षा जलद धावला आणि तरीही पदकाविना परतला.

रौप्य आणि कांस्य यांच्यात एका सेकंदाचा शंभरावा भाग होता. त्या वेगाने अंतरात मोजले, तर ते चार बोटे भरते.

इंगेब्रिक्टसन हरला कसा? तो तर शेवटपर्यंत पुढे होता.

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर प्रश्नातच आहे: तो शेवटपर्यंत पुढे होता, हेच त्याला भोवले.

त्याने सुरुवातीलाच आघाडी घेतली आणि पहिले ४०० मीटर सुमारे ५५ सेकंदांत नेले. हा वेग ३:२६.०० या विश्वविक्रमाच्या जवळपास होता. त्याचा हिशेब समजण्यासारखा आहे. आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, बुडापेस्टच्या जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेत करने त्याला शेवटच्या दोनशे मीटरमध्ये मागे टाकले होते, आणि त्याच्याही आदल्या वर्षी युजीनला ब्रिटनच्याच जेक वाइटमनने नेमके तेच केले होते. त्या टप्प्यात आपल्यापेक्षा जास्त जोर असलेल्यांना तेथे पोहोचण्याआधीच दमवून टाकायचे, हा त्याचा डाव होता. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली, जोरदार वेगाच्या शर्यतीत त्याने सुवर्ण मिळवलेही होते.

पॅरिसमध्ये मात्र मागचे सुटले नाहीत. ताशी सुमारे २६ किलोमीटर वेगाने धावताना पुढच्याला हवा कापावी लागते आणि मागच्याचे ते कष्ट काही प्रमाणात वाचतात. (सीताबर्डीच्या गर्दीत दुचाकीला एवढा वेग मिळाला तरी पुष्कळ.) पुढच्याला आणखी एक ओझे वाहावे लागते, ते म्हणजे मागे काय चालले आहे हे त्याला दिसत नाही. शेवटच्या वळणानंतर कर त्याच्या उजव्या खांद्याशी आला. दोन वर्षांची चुरस असलेला प्रतिस्पर्धी शेजारी दिसल्यावर इंगेब्रिक्टसनचे लक्ष त्याच्याकडे गेले आणि तो आतल्या कडेपासून किंचित बाहेर सरकला. हॉकरने त्याआधी एकदा आतून घुसण्याचा प्रयत्न केला होता, वाट मिळाली नव्हती आणि त्याला पाऊल आखडते घ्यावे लागले होते. आता तीच वाट उघडली. तो आतल्या कडेने निघून गेला, बाहेरून कर गेला आणि अगदी शेवटी नुगुसेही गेला.

माझे मत असे आहे की, त्या दिवशी मैदानावर सर्वांत जास्त काम इंगेब्रिक्टसनने केले आणि सर्वांत चांगला निर्णय हॉकरने घेतला. आतली वाट बंद झाल्यावर बाहेरून लांबचा वळसा घालण्याची घाई त्याने केली नाही, आणि आपला वेळ गेला असे समजून तो ढेपाळलाही नाही. या शर्यतीपूर्वी त्याची सर्वोत्तम वेळ ३:३०.५९ होती. एका रात्रीत त्याने जवळजवळ तीन सेकंद कमी केले, आणि हे इंगेब्रिक्टसनच्याच वेगाच्या जिवावर झाले, हेही तितकेच खरे आहे. चार दिवसांनी इंगेब्रिक्टसनने ५००० मीटरचे सुवर्ण जिंकले, त्यामुळे तो संपला अशी जी चर्चा सुरू झाली होती ती आपोआप थांबली.

एका ऑलिम्पिकमध्ये ३:५० मध्ये सुवर्ण मिळते आणि दुसऱ्यात ३:२८ मध्ये पदकही मिळत नाही, असे कसे?

कारण या शर्यतीत वेळेला पदक नसते, क्रमांकाला असते. आपल्या मुलांना ही गोष्ट समजायला वेळ लागतो, कारण त्यांच्या भरतीच्या धावेत नेमके याच्या उलट असते.

रिओ दि जानेरो येथे २०१६ मध्ये अमेरिकेच्या मॅथ्यू सेंट्रोविट्झने ३:५०.०० वेळेत सुवर्ण जिंकले. १९३२ नंतरची ही सर्वांत संथ विजेती वेळ होती. पहिले ४०० मीटर जवळजवळ ६७ सेकंदांत गेले, कारण पुढे जाऊन वारा खायला कोणीच तयार नव्हते. सेंट्रोविट्झने पुढे राहून वेग दाबून धरला, आतली कड सोडली नाही आणि शेवटच्या चकरेत पूर्ण जोर लावला. म्हणजे तोही बराच काळ पुढेच होता, पण त्याने पुढे राहून शर्यत मंद केली आणि इंगेब्रिक्टसनने पुढे राहून ती जलद केली. त्याच शहरात काही आठवड्यांनी झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये अंशतः दृष्टिहीन धावपटूंच्या टी-१३ गटात अल्जीरियाच्या अब्देललतीफ बाकाने ३:४८.२९ अशी वेळ दिली, आणि त्याच्यासह पहिले चारही जण सेंट्रोविट्झपेक्षा जलद होते. त्या बातमीवरून सेंट्रोविट्झची बरीच थट्टा झाली. ती अनाठायी होती, कारण ती अंतिम शर्यत डावपेचांची होती आणि त्याने डाव जिंकला होता.

या शर्यतीत ‘पेसमेकर’ का नसतो?

वर्षभर चालणाऱ्या डायमंड लीगसारख्या स्पर्धांमध्ये ठरावीक वेग राखून देणारा धावपटू आयोजकच नेमतात आणि ट्रॅकच्या आतल्या कडेला वेग दाखवणारे दिवेही पळतात. ऑलिम्पिक आणि जागतिक स्पर्धेत ही दोन्ही साधने नसतात. म्हणूनच पॅरिसची ३:२७.६५ ही वेळ विशेष मानली जाते.

अंतिम फेरीपर्यंत पोहोचायला किती शर्यती धावाव्या लागतात?

पॅरिसमध्ये प्राथमिक फेरी २ ऑगस्टला, उपांत्य फेरी ४ ऑगस्टला आणि अंतिम फेरी ६ ऑगस्टला झाली, म्हणजे पाच दिवसांत तीन शर्यती झाल्या. प्राथमिक फेरीच्या प्रत्येक गटातील पहिले सहा जण थेट उपांत्य फेरीत गेले. उरलेल्यांसाठी ‘रेपेचाज’ नावाची आणखी एक संधी या ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच ठेवली होती. कुस्ती पाहणाऱ्या आपल्या लोकांना हा शब्द नवा नाही, मात्र कुस्तीत ती संधी कांस्यपदकापर्यंतच नेते आणि येथे तिच्यातून सुवर्णापर्यंतची वाट उघडी राहते. अंतिम फेरीत बारा जण होते.

धावताना धक्का लागला तर काय होते?

चुकून खांदा लागणे ही या शर्यतीतील रोजची बाब आहे. बारा जण एकाच कडेला चिकटून धावतात तेव्हा कोपर, टाच आणि बुटांचे खिळे एकमेकांना लागतातच. मात्र दुसऱ्याची वाट अडवणे किंवा ढकलून वाट काढणे हा नियमभंग असून त्यासाठी धावपटूला बाद करता येते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण पुन्हा हॉकरचेच आहे. टोकियोच्या २०२५ च्या जागतिक स्पर्धेत १५०० मीटरच्या उपांत्य फेरीत तो शेवटच्या पट्ट्यात दोघांच्या मधून घुसला, तेथे धक्का लागला आणि पंचांनी त्याला बाद ठरवले. ज्या सवयीने पॅरिसला सुवर्ण दिले, त्याच सवयीने टोकियोत बाहेरचा रस्ता दाखवला. फरक एवढाच की पॅरिसला वाट मोकळी होती आणि टोकियोला ती नव्हती. त्याच स्पर्धेत काही दिवसांनी त्याने ५००० मीटरचे सुवर्ण जिंकले.

पडल्यामुळे शर्यत गमावण्याचे उदाहरण हवे असेल, तर मोरोक्कोच्या हिशाम एल गेरूजचे घ्यावे. अटलांटाला १९९६ मध्ये शेवटची चक्कर सुरू होताना पुढच्याच्या टाचेत पाय अडकून तो पडला आणि शेवटचा आला. सिडनीला २००० मध्ये केनियाच्या नोहा न्गेनीने त्याला अखेरच्या पट्ट्यात गाठले. त्याला सुवर्ण मिळाले ते थेट २००४ मध्ये अथेन्सला, ३:३४.१८ वेळेत. आठ वर्षे या अंतराचा सर्वांत वेगवान माणूस असूनही ऑलिम्पिक सुवर्णाशिवाय राहणे काय असते, हे त्यालाच ठाऊक.

शेवटच्या चकरेआधी घंटा का वाजवतात?

चकरा मोजण्यात चूक होऊ नये आणि सर्वांना एकाच क्षणी कळावे, म्हणून ती वाजवतात. मोठ्या स्पर्धेत तिचा दुसरा उपयोगही होतो: घंटेच्या वेळी कोण कोठे आहे, यावरून जाणकार पुढचा अंदाज बांधतात.

घंटेशी माझे वैयक्तिक वैर आहे. महाविद्यालयात असताना नागपुरातीलच एका स्पर्धेत मी १५०० मीटर धावत होतो. मैदान मातीचे होते, चुन्याच्या रेषा सकाळच्या शर्यतींनी अर्ध्या पुसल्या गेल्या होत्या आणि चकरा मोजणारे गृहस्थ शेजाऱ्याशी बोलण्यात रंगले होते. त्यांनी घंटा एक चक्कर आधीच वाजवली. आम्ही पुढचे तिघे जिवाच्या आकांताने धावलो, रेषा ओलांडली आणि गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिलो, तोच मागून ओरड ऐकू आली की अजून एक चक्कर बाकी आहे. मागचे दोघे, ज्यांना घंटा नीट ऐकूच आली नव्हती, शांतपणे पुढे गेले आणि पहिले दोन आले. तक्रार केली, तर ‘चकरा मोजणे ही धावपटूचीही जबाबदारी आहे’ असे उत्तर मिळाले. ते चूक होते असे मला आजही वाटते. पण तेव्हापासून मी मुलांना आपल्या चकरा आपण मोजायला लावतो.

८०० मीटर हीदेखील मध्यम पल्ल्याचीच शर्यत आहे ना? मग दोन्हींत फरक काय?

दोन्ही मध्यम पल्ल्याच्याच आहेत, परंतु स्वभावाने वेगळ्या आहेत. ८०० मीटरमध्ये पहिले वळण आपापल्या लेनमधूनच धावावे लागते आणि त्यानंतरच आत येता येते. शर्यत पावणेदोन मिनिटांच्या आसपास संपते, त्यामुळे एकदा चूक झाली की ती सुधारायला जागा उरत नाही. पॅरिसला केनियाच्या इमॅन्युएल वान्योन्यीने १:४१.१९ वेळेत सुवर्ण घेतले आणि कॅनडाचा मार्को अॅरोप १:४१.२० वेळेसह दुसरा आला.

या अंतराचा मानदंड मात्र अजूनही लंडनची ९ ऑगस्ट २०१२ ची अंतिम शर्यत आहे. केनियाचा डेव्हिड रुडिशा पहिल्यापासून पुढे राहिला, पहिली चक्कर ४९.२८ सेकंदांत नेली आणि १:४०.९१ असा विश्वविक्रम केला. पुढे राहून जिंकता येतच नाही, असा अर्थ कोणी वरच्या उत्तरातून काढला असेल तर त्याने ही शर्यत पाहावी. फक्त त्यासाठी इतरांपेक्षा एवढे वरचढ असावे लागते की मागून कोणी खांद्याशी पोहोचूच नये.

भारताचे या अंतरांत काय स्थान आहे?

पॅरिसच्या पुरुषांच्या १५०० मीटरमध्ये भारतीय धावपटू नव्हता. तरी आपली पाटी कोरी नाही.

सर्वांत मोठी गोष्ट १९७६ ची आहे. मॉन्ट्रियल ऑलिम्पिकच्या ८०० मीटर अंतिम शर्यतीत राजस्थानच्या श्रीराम सिंग यांनी पहिली चक्कर ५०.८५ सेकंदांत नेऊन आघाडी घेतली होती. क्यूबाच्या अल्बर्टो हुआंतोरेनाने पुढे जाऊन १:४३.५० असा विश्वविक्रम केला आणि श्रीराम सिंग १:४५.७७ वेळेसह सातवे आले. ती वेळ राष्ट्रीय विक्रम म्हणून २०१८ पर्यंत, म्हणजे ४२ वर्षे टिकली. केरळच्या जिन्सन जॉन्सनने ती १:४५.६५ वर आणली, आणि २०२५ मध्ये मोहम्मद अफसलने पोलंडमध्ये १:४४.९३ वेळ देऊन भारतीयांसाठी १:४५ चा उंबरठा प्रथमच ओलांडला. एखादा विक्रम चार दशके टिकला, याचा अभिमान बाळगावा की खेद करावा, हा प्रश्न मला नेहमी पडतो. बहुधा श्रीराम सिंग यांचा अभिमान आणि बाकी सगळ्याचा खेद.

१५०० मीटरमध्ये बहादूर प्रसाद यांची १९९५ मधील ३:३८.०० ही वेळ २३ वर्षे टिकली. तीही जिन्सननेच २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत मोडली आणि पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये ३:३५.२४ असा विक्रम केला. जकार्ताच्या २०१८ च्या आशियाई स्पर्धेत त्याने या अंतराचे सुवर्ण जिंकले, आणि ८०० मीटरमध्ये मनजित सिंगने त्याला मागे टाकून सुवर्ण नेले. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अजय कुमार सरोजला १५०० मीटरचे रौप्य आणि जिन्सनला कांस्य मिळाले.

आपल्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे याचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. त्याची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस आहे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा असलेली. पॅरिसला या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष ठरला आणि अकरावा आला.

आमच्या मुलाला भरतीची १६०० मीटर धावायची आहे. त्याने या शर्यतीतून काय घ्यावे?

आधी हे लक्षात घ्यावे की दोन्ही धावांचा हेतू वेगळा आहे. पॅरिसला क्रमांक हवा होता, भरतीत वेळ हवी असते. राज्य पोलीस भरतीच्या अलीकडच्या निकषांनुसार पुरुषांना १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत किंवा त्याहून कमी वेळात पूर्ण केल्यास २० पैकी २० गुण मिळतात. शेजारचा पुढे गेला काय आणि मागे पडला काय, आपल्या गुणांवर त्याचा परिणाम होत नाही. म्हणून हॉकरसारखे कोणाच्या तरी मागे लपून शेवटी उसळी मारण्याचा विचार येथे करू नये. पुढचाच संथ असेल, तर त्याच्या मागे राहून आपलेच गुण जातात.

आता गणित करू. ५ मिनिटे १० सेकंद म्हणजे ३१० सेकंद, आणि चार चकरांत वाटले तर प्रत्येक चकरेला साडेसत्याहत्तर सेकंद येतात. माझ्याकडे येणारा एक मुलगा पहिली चक्कर ६८ सेकंदांत मारत असे. पुढच्या तीन चकरा ७६, ८३ आणि ८८ सेकंदांच्या होत आणि एकूण वेळ ५:१५ येई. शेवटच्या वळणावर त्याचे खांदे कानांपर्यंत चढलेले असत आणि मुठी इतक्या आवळलेल्या असत की थांबल्यावर तळहातावर नखांच्या खुणा दिसत. त्याला पहिली चक्कर ७७ च्या आत मारायची नाही, असे बजावले. पहिल्या दिवशी सगळे पुढे निघून जाताना पाहून तो कासावीस झाला, पण ७७, ७८, ७८, ७६ असे करत ५:०९ मध्ये आला. त्याची ताकद आदल्या आठवड्याएवढीच होती.

दुसरी गोष्ट कडेची आहे, आणि ती हॉकरकडून जरूर शिकावी. संपूर्ण चक्कर दुसऱ्या लेनमधून मारली तर सुमारे सात मीटर जास्त धावावे लागते. चार चकरांत ते अठ्ठावीस मीटर होतात आणि भरतीच्या वेगाने त्याला पाच सेकंदांहून अधिक वेळ जातो. ५:१५ वाल्या मुलाची अर्धी अडचण कधी कधी एवढीच असते. कोणाला ओलांडायचे असेल तर ते सरळ पट्ट्यावर ओलांडावे, वळणावर नव्हे.

जाता जाता सांगायचे तर, १६०० मीटर हे अंतर मैलाला फक्त नऊ मीटर कमी पडते. हॉकरचा १५०० चा वेग १६०० पर्यंत टिकला असता तर तो सुमारे ३ मिनिटे ४१ सेकंदांत पोहोचला असता. मुलांना हा आकडा सांगितला की ती आधी हसतात आणि मग बराच वेळ गप्प होतात.

महागडे बूट घेतले तर फरक पडतो का?

वरच्या दर्जाला पडतो. नव्या स्पाइक्सच्या, म्हणजे खिळ्यांच्या बुटांच्या, तळव्यातील फेस आणि ताठ पट्टी यांचा फायदा एवढा मानला जातो की जागतिक अॅथलेटिक्स संघटनेला तळव्याच्या जाडीवर मर्यादा घालावी लागली. पॅरिसच्या वेळी ८०० मीटर आणि त्यापुढच्या शर्यतींसाठी ती २५ मिलिमीटर होती आणि नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकवर सर्वत्र २० मिलिमीटर करण्यात आली. ज्याची पहिली चक्कर ६८ ची आणि शेवटची ८८ ची आहे, त्याने मात्र बुटांचे पैसे राखून ठेवावेत.

मोठे धावपटू खाण्याचा सोडा घेतात, हे खरे आहे का?

होय, अनेक जण घेतात आणि ते नियमबाह्य नाही. जोरदार धावेत स्नायूंत आम्लता वाढते आणि सोडियम बायकार्बोनेट ती काही प्रमाणात झेलते, असा त्यामागचा विचार आहे. ते लोक मात्र तो खास पद्धतीने बनवलेल्या जेलमधून आणि मापून घेतात. घरच्या डब्यातला सोडा पाण्यात ढवळून पिण्याचा प्रयोग कोणीही करू नये. पोट बिघडते आणि तेही ऐन मैदानावर. धावण्याआधी तर्री-पोहेही नकोत. ते नंतर खावेत.

नागपूरच्या उन्हाळ्यात असा सराव करता येतो का?

करता येतो, पण पहाटेच. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि कृत्रिम ट्रॅक हवेपेक्षाही जास्त तापतो, त्यामुळे सकाळी सातनंतर वेगाचा सराव ठेवू नये. उन्हाळ्यात घड्याळाशी भांडू नये, चकरांची संख्या राखावी आणि वेळेची अपेक्षा पावसानंतर करावी. भोवळ आल्यासारखे वाटले किंवा घाम अचानक थांबला, तर तेथेच थांबून सावलीत जावे, अंग ओले करावे आणि बरे वाटले नाही तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

१५०० मीटरचा विश्वविक्रम अजूनही जुनाच आहे का?

होय. एल गेरूजने १४ जुलै १९९८ रोजी रोममध्ये दिलेली ३:२६.०० ही वेळ तेव्हापासून कायम आहे. पॅरिसची विजेती वेळ तिच्यापासून १.६५ सेकंद दूर राहिली.

पॅरिसच्या चौघांचे पुढे काय झाले?

टोकियोच्या २०२५ च्या जागतिक स्पर्धेत या चौघांपैकी एकालाही १५०० मीटरचे पदक मिळाले नाही. हॉकर उपांत्य फेरीत बाद झाला हे वर आलेच आहे. इंगेब्रिक्टसन प्राथमिक फेरीतच बाहेर पडला. करला अंतिम शर्यतीत धावतानाच दुखापत झाली, तरी त्याने लंगडत शर्यत पूर्ण केली आणि तो शेवटचा आला. पोर्तुगालच्या इसाक नादेरने ३:३४.१० वेळेत सुवर्ण घेतले आणि वाइटमन ३:३४.१२ वेळेसह दुसरा आला. ही विजेती वेळ पॅरिसच्या चौथ्या क्रमांकाच्या वेळेपेक्षा जवळजवळ सहा सेकंदांनी जास्त होती.

शर्यत पुन्हा पाहायची असेल तर काय पाहावे?

पहिल्यांदा नुसती पाहावी. दुसऱ्यांदा पाहताना शेवटचे दोनशे मीटर सुरू झाले की धावपटूंच्या चेहऱ्यांकडे पाहू नये, ट्रॅकच्या अगदी आतल्या पांढऱ्या कडेकडे पाहावे. इंगेब्रिक्टसनचा डावा पाय आणि ती कड यांच्यातील जागा आधी नसते. अखेरच्या पट्ट्यात ती हळूहळू एका माणसाच्या खांद्यांएवढी होते, आणि तिच्यात हॉकर येतो.